फादर बदलून जातात, बांध गावातच राहतो

राहुरी, राहाता, श्रीरामपूर, संगमनेर या पट्ट्यात ‘मिशन’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मिशनची शाळा, मिशनचे बोर्डिंग, सिस्टरांचा दवाखाना, मिशनची जमीन, दुष्काळात मिशनने खोदलेली विहीर. आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या ग्रामीण जीवनात ही नावे तीन-चार पिढ्यांपासून मुरलेली आहेत. पण पारावर बसून एकच प्रश्न विचारून पाहा, ‘मिशन म्हणजे नेमके कोण?’ एक म्हणेल फादर. दुसरा म्हणेल नाशिकचे बिशप. तिसरा म्हणेल, परदेशातून पैसा येतो, तिथले कुणीतरी साहेब. तिघेही थोडेथोडे बरोबर आणि थोडेथोडे चूक.

हा प्रश्न रिकामपणाचा नाही. मिशनची जमीन खंडाने करणाऱ्याला करार कुणाशी करावा हे ठाऊक नसते. पोराच्या प्रवेशासाठी फादरांकडे खेटे घालणाऱ्याला कळत नाही की ती शाळा फादरांच्या हातात नाहीच. आणि सर्वांत मोठे नुकसान होते ते सामाईक कामांचे. बंधारा फुटला, पाइप गळू लागला, गॅबियनची जाळी उसवली, की गाव म्हणते, ‘ते फादरांचं काम, फादर बघतील.’ तोवर फादरांची बदली होऊन तिसरे फादर आलेले असतात! म्हणून हे घर आतून कसे बांधलेले आहे, कोणते दार कुठे उघडते, हे आज समजून घेऊ. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, सरपंच असा वा खंडकरी, उपयोग तुम्हालाच आहे.

मिशन एक नव्हे, अनेक

पहिली गफलत इथेच होते. जिल्ह्यात ख्रिस्ती मिशनचे दोन वेगळे प्रवाह आले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे केले. तो प्रॉटेस्टंट प्रवाह. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक याच प्रवाहातले. १९७० साली स्थापन झालेली ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही त्यातल्या बऱ्याच मंडळ्यांची आजची संघटना. दुसरा प्रवाह कॅथलिक. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन जेझुइट फादरांनी आणला. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हटल्यावर इंग्रज सरकारने त्यांना काम करू दिले नाही. पुढे त्यांच्या जागी स्वित्झर्लंडचे जेझुइट आले आणि मग हळूहळू इथलेच मराठी फादर तयार झाले.

साधारण खूण सांगायची तर कॅथलिक फादर अविवाहित असतात, प्रॉटेस्टंट पाळक संसारी असू शकतात. दोन्हींची मालमत्ता वेगळी, ट्रस्ट वेगळे, वरिष्ठ वेगळे. एकाचा अर्ज दुसऱ्याच्या टेबलावर कधीच पोचत नाही. या लेखात आपण कॅथलिक व्यवस्थेपुरतेच बोलू.

धर्मग्राम, धर्मप्रांत, रोम

तुम्हाला ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद ही उतरंड माहीत आहे. चर्चचीही उतरंड आहे, फक्त ती मतदानाने ठरत नाही.

सर्वांत खाली धर्मग्राम. यालाच पॅरिश म्हणतात. आपल्याकडे एका धर्मग्रामात एक चर्च आणि भोवतालची अनेक खेडी येतात. मुंबईच्या एका वॉर्डात जेवढे कॅथलिक, तेवढे इथे तालुकाभर विखुरलेले. धर्मग्रामाचा कारभार प्रमुख धर्मगुरू पाहतात, हाताखाली सहायक असतो किंवा नसतो. सोबत गावकऱ्यांची एक सल्लागार परिषद आणि एक वित्त समिती असते. यातली वित्त समिती चर्चच्या १९८३ सालच्या धर्मसंहितेप्रमाणे सक्तीची आहे. परिषदेचा अधिकार मात्र सल्ल्यापुरता. ग्रामसभेसारखा ठराव करून तिला फादरांना बांधून घेता येत नाही.

हरेगावचे उदाहरण घ्या. साखर कारखान्यामुळे नावारूपाला आलेले हे गाव दर सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेने फुलून जाते. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिन, त्याच्या आगेमागे ही यात्रा भरते. नवस बोलायला सर्व जातिधर्मांचे लोक येतात. एवढ्या गर्दीचे यजमानपद धर्मग्रामाकडे. पण पाणी, रस्ता, एसटी, बंदोबस्त म्हटले की ग्रामपंचायत, तहसील आणि पोलीस आलेच. अशा ठिकाणी फादरांचा अधिकार कुठे संपतो आणि सरपंचांचा कुठे सुरू होतो, हे दोघांनाही ठाऊक असलेले बरे.

धर्मग्रामांच्या वर धर्मप्रांत. त्याचे प्रमुख म्हणजे बिशप, आपल्या भाषेत महागुरुस्वामी. आपला जिल्हा आधी पुणे धर्मप्रांतात होता. १९८७ साली त्यातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि आपण नाशिककडे गेलो. तिथले पहिले बिशप थॉमस भालेराव, मराठी माणूस आणि स्वतः जेझुइट. २००७ पर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. फादरांच्या बदल्या, नवीन धर्मग्राम काढणे, मालमत्तेचे मोठे व्यवहार हे सगळे बिशपांच्या अखत्यारीत. त्यांच्याही शेजारी वित्त समिती असते आणि मोठ्या व्यवहारात तिला विचारावेच लागते. ठराविक मर्यादेपलीकडच्या विक्रीला तर थेट रोमची संमती लागते.

मुंबई, पुणे, नाशिक आणि वसई मिळून एक मोठा प्रांत होतो, त्याचे प्रमुख मुंबईचे आर्चबिशप. पण ध्यानात ठेवा, आर्चबिशप म्हणजे बिशपांचे साहेब नव्हेत. नाशिकच्या फादरांची बदली मुंबईहून होत नाही. बिशपांना नेमतात ते पोप, आणि बिशप उत्तर देतात तेही पोपनाच. २०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले आणि मे महिन्यात लिओ चौदावे निवडून आले. दर पाच वर्षांनी बिशपांनी रोमला आपल्या धर्मप्रांताचा अहवाल द्यायचा आणि वयाची ७५ वर्षे झाली की राजीनामा पाठवायचा, असा दंडक आहे. भारतात असे १७० हून अधिक धर्मप्रांत आहेत. सिंधुदुर्गचा धर्मप्रांत २००५ साली झाला, आणि तो महाराष्ट्रात असूनही गोव्याच्या आर्चबिशपांच्या प्रांतात मोडतो. म्हणजे सरकारी जिल्हा आणि चर्चचा नकाशा एकावर एक बसत नाहीत. हे अर्ज लिहिण्यापूर्वी तपासावे.

फादर दोन प्रकारचे

आता जरा बारकाईने पाहा, कारण गावाची बहुतेक फसगत इथे होते. सगळे फादर पांढऱ्या झग्यात सारखेच दिसतात, पण त्यांचे सातबारे वेगळे!

पहिला प्रकार धर्मप्रांतीय फादरांचा. ते बिशपांच्या आज्ञेत असतात. बिशपांनी सांगितले की पेटी उचलून दुसऱ्या धर्मग्रामात. दुसरा प्रकार संघीय फादरांचा. जेझुइट, म्हणजे येशूसंघ, हा असाच एक संघ. हे लोक दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतात. त्यांचे वरिष्ठ म्हणजे त्यांच्या संघाचे प्रांतप्रमुख, ज्यांना प्रॉव्हिन्शियल म्हणतात. ते चर्चमध्ये धर्मगुरू म्हणून काम करतात तेव्हा बिशपांच्या परवानगीने करतात. पण त्यांची संस्था, तिचे पैसे आणि त्यांच्या बदल्या संघाकडे.

सिस्टरांचेही तसेच. सिस्टर म्हणजे व्रतस्थ धर्मभगिनी. त्यांचे स्वतंत्र संघ आहेत, त्यांच्या वरिष्ठही सिस्टरच असतात. म्हणून एकाच आवारात चर्च बिशपांचे, शाळा सिस्टरांच्या संस्थेची आणि शेजारचे समाजकेंद्र जेझुइटांचे, असे असू शकते. कुंपण एक, मालक तीन. मुख्याध्यापिका सिस्टरची तक्रार घेऊन फादरांकडे गेलात तर ते चहा पाजतील, ऐकून घेतील, पण त्यांच्या हातात काही नाही. राग मानू नका, त्यांची टाळाटाळ नसते, अधिकारच नसतो.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी. काही वर्षांनी बदली ठरलेली. जीव लावणारा फादर गेला की गाव हळहळते. पण ही रीत जाणून घेऊनच गावाने आपली पावले टाकली पाहिजेत.

सगळीकडे चित्र एकसारखे असते असेही नाही. वसईत पोर्तुगीज काळापासूनची चर्चे आहेत. तिथला कॅथलिक हा पिढीजात वाडीवाला शेतकरी, केळी, फुले, भाजीपाला पिकवणारा. तिथे फादर बहुतेक त्याच मातीतले. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लढा दिला आणि पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आपल्याकडे कॅथलिक समाज बव्हंशी अल्पभूधारक आणि शेतमजूर. त्यामुळे इथे मिशन म्हणजे देऊळ कमी आणि शाळा, बोर्डिंग, दवाखाना, पाणी जास्त, असे घडले.

जमीन कुणाची, करार कुणाशी?

चर्चच्या कायद्यात धर्मग्राम ही स्वतंत्र व्यक्तीच धरली जाते. पण तलाठ्याच्या दप्तरात धर्मसंहिता चालत नाही, तिथे ट्रस्ट लागतो. मिशनच्या मालमत्ता सामान्यपणे सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टच्या नावे असतात. पूर्वीचा मुंबई सार्वजनिक विश्वस्त अधिनियम १९५०, आजचा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त अधिनियम, तोच हा. हा कायदा मंदिराच्या ट्रस्टलाही लागू आणि चर्चच्या ट्रस्टलाही.

त्यातले ३६ वे कलम शेतकऱ्याने पाठ करून ठेवावे. ट्रस्टची स्थावर जमीन विकायची, बदलायची, गहाण किंवा बक्षीस द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तरी परवानगी हवी. बिगरशेती जमीन किंवा इमारत असेल तर ही मर्यादा ३ वर्षांची. आता विचार करा. कुणी दलाल येऊन म्हणतो, ‘मिशनची जमीन निघालीय, फादरांची सही मिळवून देतो, इसार द्या.’ नुसत्या फादरांच्या सहीला इथे कवडीची किंमत नाही. विश्वस्तांचा ठराव आणि धर्मादाय आयुक्तांचा आदेश हातात पडल्याशिवाय एक रुपया सुटता कामा नये.

वर्षानुवर्षे वाट्याने मिशनची जमीन कसणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. कुळकायद्याच्या ८८-ब कलमाखाली शैक्षणिक, रुग्णालयाच्या वा सार्वजनिक उपासनेच्या ट्रस्टच्या जमिनींना सूट मिळू शकते. अट अशी की ट्रस्ट नोंदलेला हवा, जमिनीचे सगळे उत्पन्न ट्रस्टच्या कामी लागले पाहिजे आणि तसे प्रमाणपत्र महसूल खात्याकडून घेतलेले हवे. असे प्रमाणपत्र असेल तर कुळाला ती जमीन खरेदी करण्याचा हक्क सांगता येत नाही. ‘कसेल त्याची जमीन’ हे वाक्य इथे डोळे मिटून लावू नका. आधी सातबारा आणि फेरफार काढा, इतर हक्कात काय आहे ते वाचा, मगच वकील गाठा.

ट्रस्ट कोणता आणि विश्वस्त कोण हे गुपित नाही. धर्मादाय कार्यालयात ट्रस्टच्या नोंदवहीचा, म्हणजे परिशिष्ट एकचा उतारा अर्ज करून मिळतो. त्यात विश्वस्तांची नावे आणि मालमत्तेची यादी असते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिलेला नसेल तर उताऱ्यावर जुनेच नाव दिसते. त्याबद्दल विचारणा करायला संकोच बाळगू नये.

शाळा आणि दवाखाना

शाळेच्या बाबतीत पहिला प्रश्न असा विचारावा, अनुदानित की विनाअनुदानित? अनुदानित असेल तर शिक्षकांचा पगार सरकार देते आणि शिक्षणाधिकाऱ्यांचा शब्द तिथे चालतो. विनाअनुदानित असेल तर शाळा फीवर चालते. मिशनच्या शाळा अल्पसंख्याक संस्था म्हणून घटनेच्या ३० व्या कलमाचा आधार घेतात. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागा या शाळांना लागू नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ सालचा निकाल आहे. २०२५ साली दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्या निकालाचा फेरविचार मोठ्या पीठाने करावा असे मत दिले आहे. तेव्हा २५ टक्क्यांचा अर्ज भरण्यापूर्वी शाळेचा दर्जा विचारून घ्या, नाहीतर वर्ष वाया जाईल.

दवाखान्याचे उलट आहे. तिथे तुमचा हक्क आहे आणि तो पुष्कळांना माहीत नाही. विश्वस्त कायद्याच्या ४१-अअ कलमाखाली, वार्षिक खर्च ५ लाखांहून जास्त असलेल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. हा नियम फक्त पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांना नाही, आणि फक्त मिशनलाही नाही. उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवावा. मागताना ओशाळू नये.

दरेवाडीने काय शिकवले

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळात ठिकठिकाणच्या मिशनने धान्य वाटले, विहिरी खोदल्या. त्याआधी १९६२ साली कॅथलिक बिशपांची कॅरिटास इंडिया ही मदतसंस्था निघाली होती. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मंडळींनी मिळून १९६६ साली अन्नोत्पादन आणि पाण्यासाठी ‘ॲफ्रो’ उभी केली होती. पण वाटपाने पोट भरते, दुष्काळ हटत नाही, हे लवकरच ध्यानात आले.

नगरच्या सोशल सेंटरचे स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी ते मनावर घेतले. १९४८ साली ते भारतात आले आणि हयात इथल्या खेड्यांत घालवली. त्यांच्या कल्पनेतून जर्मन सरकारच्या साह्याने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. पुढे १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था काढली. इथे लक्ष द्या. दोन फादरांनी काढलेली असली तरी ही संस्था म्हणजे चर्च नव्हे. ती स्वतंत्र नोंदलेली संस्था आहे. फादरांनी सुरू केले म्हणून ते बिशपांचे, असे होत नाही.

या कार्यक्रमाची रचना गावकऱ्यांनी नीट समजून घ्यावी. पैसा जर्मनीहून नाबार्डकडे आणि नाबार्डकडून गावाच्या प्रकल्प खात्यात. ते खाते गाव पाणलोट समिती आणि सहयोगी संस्था यांच्या संयुक्त सह्यांनी चालायचे. म्हणजे फादर एकट्याने पैसा काढू शकत नव्हते आणि समितीही एकट्याने नाही. समिती नेमायची ग्रामसभेने. गावाने आधी श्रमदान करून आपली तयारी दाखवायची, मग प्रकल्प मंजूर. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने काम करायचे, आधी समतल चर आणि झाडे, शेवटी नालाबांध. आणि काम संपल्यावर दुरुस्तीसाठी देखभाल निधी बाजूला ठेवायचा.

संगमनेर तालुक्यातले दरेवाडी हे यातले नावाजलेले गाव. पर्जन्यछायेतला माळ, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी वस्ती. १९९६ पासून पाच वर्षे तिथे या पद्धतीने काम झाले आणि पुढे बाहेरून माणसे ते पाहायला येऊ लागली. हे सगळे गोडीगुलाबीने झाले असे मात्र समजू नका. चराईबंदीचा पहिला फटका शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्याला बसतो. ज्याला शेत नाही त्याच्या वाट्याला बांधाचे पाणी येत नाही, बंदी तेवढी येते. म्हणून अशा प्रत्येक गावाने गुराख्याचा आणि भूमिहीनाचा प्रश्न समितीत पहिल्या दिवशीच घ्यायला हवा. त्यांना समितीत जागा नसेल तर बंदी कागदावरच राहते.

या पद्धतीचे यश पाहून १९९९-२००० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०० कोटींचा पाणलोट विकास निधी नाबार्डकडे उभारण्यात आला. म्हणजे एका मिशनच्या आवारात सुरू झालेला विचार सरकारी धोरणात गेला. फादर बाखर पुढे मायदेशी परतले आणि २०२१ साली तिथेच वारले. आज ते नाहीत. ज्या गावांनी समिती, निधी आणि बंदी जपली तिथे त्यांचे काम उभे आहे. जिथे ‘फादर बघतील’ म्हटले गेले, तिथे चर गाळाने बुजले.

राळेगणला अण्णा आणि हिवरे बाजारला पोपटराव गावचेच होते. फादर गावचे नसतात. म्हणूनच त्यांच्या कामात समितीचे महत्त्व दुप्पट.

परदेशी पैसा आटला, मग?

‘मिशनला काय तोटा, डॉलर येतात,’ असे बोलणे अजून ऐकू येते. ते जुने झाले. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली मोठे बदल झाले. आता परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेतल्या खात्यात यावी लागते. प्रशासनावर २० टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही, पूर्वी ही मर्यादा ५० होती. नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. आणि खेड्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल असा, एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

याचा अर्थ उघड आहे. पूर्वी मोठी संस्था पैसा आणायची आणि तालुक्याच्या छोट्या संस्थेमार्फत तो गावात खर्च व्हायचा. ती वाट बंद झाली. छोट्या संस्थेचे कार्यकर्ते घटले, प्रकल्प आवरते घ्यावे लागले. हा नियम सर्व धर्मांच्या संस्थांना सारखाच आहे. तेव्हा मिशनचा पैसा पुन्हा येईल आणि बंधारा दुरुस्त होईल, या आशेवर बसणे परवडणारे नाही. रोजगार हमी, पंधरावा वित्त आयोग आणि पाणलोटाच्या सरकारी योजना यांतून कामे केलेल्या गावांना मार्ग माहीत आहे. जुन्या कामांची नोंद ग्रामपंचायतीच्या मालमत्ता रजिस्टरला असेल तर त्यांच्या दुरुस्तीचा प्रस्ताव करता येतो. नोंदच नसेल तर इंजिनिअर तरी कशाचे एस्टिमेट करणार?

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांच्यासाठी

पदनावे अलीकडे बदलली असली तरी गाव ज्यांना अजून ग्रामसेवक आणि तलाठी म्हणते, त्यांनी एवढे करावे:

१. गावात मिशनच्या ज्या संस्था आहेत त्यांची यादी करावी. प्रत्येकीसमोर ट्रस्टचे नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्रव्यवहाराचा पत्ता लिहावा. पत्र फादरांच्या नावे न पाठवता पदाच्या नावे पाठवावे, म्हणजे बदली झाली तरी ते वाऱ्यावर राहत नाही.

२. संस्थेने केलेली पाण्याची, मृदसंधारणाची कामे ग्रामसभेत ठराव घेऊन रजिस्टरला लावावीत. पाणलोट समितीचे जुने पासबुक, नकाशे आणि देखभाल निधी कुणाकडे आहे याचा शोध घ्यावा.

३. बाप्तिस्म्याचा दाखला म्हणजे जन्मदाखला नव्हे. जुन्या माणसांच्या वयाचा पुरावा शोधताना चर्चच्या नोंदवह्या फार उपयोगी पडतात. पण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखलाच मुख्य कागद आहे. ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चमध्ये नोंद झाली म्हणून ग्रामपंचायतीत यायचे टाळू नये.

४. नवीन फादर रुजू झाले की महिन्याच्या आत त्यांना ग्रामपंचायतीत बोलवावे. जुन्या फादरांनी काय कबूल केले होते, कोणते काम अर्धे आहे, हे कागदावर ठेवावे. तोंडी शब्द बदलीबरोबर निघून जातो.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्यासाठी एकच. येत्या ग्रामसभेत उठून विचारा, आपल्या शिवारात मिशनने, संस्थेने, कुणीही बांधलेले किती बांध आहेत आणि त्यांतले किती धड आहेत? उत्तर नसेल तर चार माणसे घेऊन शिवारफेरी काढा, मोजा, लिहून आणा. हे काम पावसाळ्याआधीच उरकायला हवे. मृगाचा पहिला सडाका आला की फुटका बांध कुणाचा हे पाणी विचारत बसत नाही, माती घेऊन खाली निघून जाते. ती माती नाशिकच्या बिशपांची नाही, रोमच्या पोपांची नाही. ती तुमची आहे.